कानाच्या उंचीइतके

केळशी, ता. दापोली

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. नवे स्पीकर घेतलेस, ते दिवाणखान्यातल्या पुस्तकांच्या कपाटात पुस्तकांना खेटून बसवलेस, आणि आता डग्गा घरभर घुमतो पण गाणाऱ्याचा आवाज घशातच राहतो, अशी तुझी तक्रार आहे. स्पीकर परत करण्याचा विचार तूर्त बाजूला ठेव. दोष असलाच तर तो ‘बुकशेल्फ स्पीकर’ या नावाचा आहे. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखे राबवून लहान पेटीतून खोल खर्ज काढण्याची रचना पुढे आणली आणि स्पीकर फळीवर मावण्याइतके आटोपशीर होऊ लागले. ‘बुकशेल्फ’ हे नाव पेटीचे माप सांगते, तिची जागा नव्हे; आपण मात्र ते पत्त्यासारखे वाचतो.

कपाटात काय होते ते पाहा. खर्जाच्या लहरी चारी दिशांना पसरतात, त्यामुळे मागची भिंत आणि आजूबाजूच्या फळ्या त्यांना पुढे ढकलून फुगवतात. तुझ्या पेटीला मागच्या बाजूने हवेचे भोक असेल, तर ते भिंतीशी कोंडले जाते. शिवाय कपाटाची फळी स्वतःच ढोलकीच्या पुडीसारखी थरथरते आणि पेटीसमोर उरलेल्या चार बोटांच्या कडेवरून वरचे स्वर परतून मूळ आवाजात मिसळतात. म्हणून स्पीकर बाहेर काढायचे, आणि बाहेर काढले की त्यांना उभे राहायला पाय हवेत. ते पाय घरी करता येतात. मी केले, एकदा चुकीचे आणि एकदा बरोबर.

सुतारकामाला लगेच हात घालू नकोस. पहिले आठ दिवस मी लाकडाला करवतही लावली नाही. गडगा बांधून उरलेले जांभ्याचे चिरे परसात पडले होते, ते आणून माजघरात त्यांच्या दोन चवडी रचल्या. आमच्याकडचा चिरा साधारण १४ इंच लांब, ९ इंच रुंद आणि ७ इंच जाड असतो. तो आडवा, कडेवर किंवा उभा ठेवून निरनिराळ्या उंच्या मिळतात, आणि हव्या तितक्या वेळा मोडून पुन्हा रचता येतात. लाल धुळीवरून घरात जे ऐकावे लागले ते येथे लिहीत नाही. पण एकेक उंची दोन-दोन दिवस कानांनी पारखून पाहण्याची इतकी स्वस्त सोय दुसरी नाही. तुमच्याकडे चिरे मिळाले नाहीत तर विटा चालतील.

उंचीचे गणित सोपे आहे. नेहमीच्या खुर्चीत नेहमीसारखे बसायचे आणि जमिनीपासून कानापर्यंतचे अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्यायचे. (स्वतः मोजायला वाकलास की माप चुकते.) आरामखुर्चीत माझा कान ३७ इंचांवर येतो. पेटीच्या तळापासून ट्वीटरचा, म्हणजे वरचे स्वर काढणाऱ्या लहान पडद्याचा, मध्य १० इंचांवर आहे. उरले २७, म्हणजे कडेवर ठेवलेले बरोबर तीन चिरे. ट्वीटर कानासमोरच का हवा, याला कारण आहे. वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे समोर जातात, ही एक गोष्ट झाली. दुसरी अधिक नाजूक आहे. ट्वीटर आणि वूफर (खालचे स्वर काढणारा मोठा पडदा) या दोघांकडून एकच स्वर निघतो असा एक मधला पट्टा असतो, बहुतेक पेट्यांत दोन ते तीन हजार हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या, आसपास. अडीच हजार हर्ट्झची लहर जेमतेम १४ सेंटिमीटरची. कान बराच वर किंवा खाली गेला की दोघांपासूनच्या अंतरांत काही सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि एकाची लहर दुसऱ्याची लहर खाऊन टाकते. गाण्यातले शब्द स्पष्ट होतात ते नेमके याच पट्ट्यात. तुझा गाणारा घशात अडकतो तो बहुधा येथे.

झोपाळ्यावर बसून ऐकण्याचा मोह मलाही झाला होता. झोपाळा पुढे-मागे जातो आणि त्याबरोबर कानही, तेव्हा तो नाद सोडला. आई मात्र खाली बसून वाती वळत ऐकते आणि तिला काही फरक जाणवत नाही. तुझ्या घरी जमिनीवर बसून ऐकणारे अधिक असतील, तर स्टँड १८-१९ इंचांचेच कर.

चवडी रचलेल्या असतानाच भिंतीपासूनचे अंतरही ठरवून घे. पेटीचा दर्शनी भाग भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर भिंतीवरून परतणारी लहर १२० सेंटिमीटर जास्त चालून येते आणि सुमारे १४३ हर्ट्झला मूळ लहरीच्या नेमकी उलट पडते. तेवढा खर्ज तेथे खचतो. मीटरभर पुढे आणलेस तर तो खड्डा ८६ हर्ट्झच्या आसपास सरकतो. खड्डा नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो, म्हणून पुस्तकी अंतरापेक्षा आपल्या खोलीत कानाला जे बरे वाटते ते खरे. माझी खोली लहान असल्याने मी दोन फुटांवर थांबलो.

आता प्रत्यक्ष बांधणी. खांबासाठी ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, त्याच्या वर आणि खाली १९ मिलिमीटर जाडीच्या मरीन प्लायच्या फळ्या, आणि या तिन्हींना आरपार आवळून धरणारी आट्यांची एक सळई. प्लायवर आय.एस. ७१० असा मरीन प्लायच्या मानकाचा छाप पाहून घे. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) स्वस्त पडते आणि कापायलाही सोपे, परंतु आपल्याकडच्या दोन पावसाळ्यांत त्याच्या कडा पापडासारख्या फुगतात. माथ्याची फळी पेटीच्या तळाएवढीच असावी, जास्त रुंद केलीस तर कपाटाची कड पुन्हा घरात आणलीस असे होईल. तळाची फळी मात्र ऐसपैस, निदान १२ बाय १४ इंच. दोन्ही फळ्यांत पाइप बसेल अशी गोल खोबण सुताराकडून पाडून घे, आणि माथ्यावर नट बुडेल एवढा खळगा; नट वर डोकावला तर पेटी डुलते. २७ इंचांतून दोन फळ्यांचे दीड इंच आणि खालच्या पायांचा अर्धा इंच वजा जाता उरतात २५ इंच; त्यात दोन्ही खोबणींची खोली मिळवून पाइप कापायचा. दोन्ही कापलेली टोके गुण्याने तपास; येथे सुताची चूक झाली तर माथ्यावर ती डोळ्यांना दिसते.

पाइप वाळूने भरायचा, आणि माझी फजिती झाली ती येथेच. केळशीला वाळूचा डोंगर आहे आणि मी वाळू विकत आणू, हे मनाला पटेना. किनाऱ्यावरून दोन बादल्या आणल्या, उन्हात वाळवल्या आणि भरल्या. उन्हाळाभर सगळे ठीक होते. आषाढात खालच्या फळीभोवती ओल दिसू लागली. बरणीतले मीठ पावसाळ्यात पाझरते, तेच वाळूतल्या मिठाने केले. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी खेचून विरघळू लागते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या खाली येते कधी? सळई गंजली, नट जागच्या जागी धरला आणि खालची फळी काळवंडली. सगळे कापून काढावे लागले. दुसऱ्या खेपेला नदीची वाळू आणली, चाळली, तीन पाण्यांनी धुतली, कढईत भाजून कोरडी केली, आणि भरल्यावर दोन्ही सांधे सिलिकॉनने बंद केले. भरताना लाकडी हातोडीने पाइपवर हलके ठोकत जा, वाळू खाली बसते. एका पाइपात सुमारे ८ किलो मावली.

वाळूचा उपयोग दुहेरी आहे. रिकाम्या पाइपवर टिचकी मारलीस तर तो बोलतो, भरलेला गप्प बसतो, कारण कणाशी कण घासून थरथर उष्णतेत जिरते. दुसरा उपयोग वजनाचा, पण त्याचे फार स्तोम माजवू नये असे माझे मत आहे. वूफरचा पडदा काही ग्रॅमचा, पेटी सहा किलोची. पडद्याच्या धक्क्याने पेटी मागे जाते असे सांगणाऱ्यांनी हा हिशेब मांडलेला नसतो. वजन हवे ते बोक्यासाठी. आमचा बोका पहिल्याच रात्री माथ्यावर चढून बसला आणि स्टँड हलला नाही, यापेक्षा मोठी परीक्षा मला ठाऊक नाही.

निसर्ग वादळात, ३ जून २०२० रोजी, वाडीतले माड आडवे झाले, त्यातला एक सोट मी मुद्दाम जपून ठेवला होता. त्याचे खांब करावेत अशी फार इच्छा होती. पण माडाचे लाकूड बाहेरून दगडासारखे आणि आतून भुसभुशीत असते, सळई गाभ्यात पकड धरत नाही, आणि सोट पेटीपेक्षा रुंद. तो आता ओटीवर बसायच्या कामी आला आहे.

पायांचे तुझ्या फरशीवर अवलंबून. टोकदार खिळे लाकडी माडीवर चांगले. तुझ्या गुळगुळीत फरशीवर ते सरकतील, म्हणून जाड रबराचे चार पाय लाव. फरशी उंचसखल असेल तर खालून बोल्ट घालून कमी-जास्त करता येतील असे ठेव. पेटी आणि माथा यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार चौकोनी तुकडे पुरतात.

नाताळच्या सुटीत तुम्ही येणारच आहात, तेव्हा दोन्ही स्टँड येथेच करून टाकू. पाइप आणि धुतलेली वाळू माझ्याकडे शिल्लक आहे. तू ठाण्याहून १० मिलिमीटर जाडीच्या, गंज न धरणाऱ्या आट्यांच्या दोन सळया, चार नट आणि मोठे वायसर घेऊन ये. स्पीकर आणायची गरज नाही, पेटीच्या तळाची लांबी-रुंदी, तळापासून ट्वीटरची उंची आणि तुझ्या कानाची उंची एवढे कागदावर लिहून आण. कानाची उंची वहिनींकडून मोजून घे.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
जुना बाकसोबती