बापाची रजा सक्तीचीच करा

मा. संपादक,
स. न.

बाळ झाल्यावर बापाला रजा मिळावी असं आता बरेच जण म्हणतात, पण नुसती पॉलिसीत असून उपयोग नाही, कंपनीने ती घ्यायलाच लावली पाहिजे असं माझं मत आहे. माझा मुलगा महापेला आयटीत आहे, त्यांच्याकडे ही रजा आहे. पण सुनेचं सिझर झालं तेव्हा मॅनेजर म्हणाला घे की रजा, फक्त नव्या सॉफ्टवेअरची रिलीज तेवढी बघ. अप्रेझल तोंडावर आलेला पोरगा काय करणार, चौथ्या दिवशी लॅपटॉप उघडून बसला. सून टाक्यांचं दुखणं घेऊन रात्र रात्र जागायची, बाळाची कावीळ वाढली तेव्हा परत हॉस्पिटलला आम्ही दोघी बायकाच धावलो. मुलाला मी दोष देत नाही, मागायची वेळ आली की माणूस दबतोच. सक्ती असली तर मागायचा प्रश्नच नाही आणि मॅनेजरलाही आधीच दुसरा माणूस तयार ठेवावा लागेल, बाळ येणार हे काही महिने आधीपासून माहीत असतंच.

मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे पगारी रजा मिळाली, फार चांगलं झालं. पण खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही, केंद्र सरकारच्या नोकरीत 15 दिवस आहेत. याचा फटका परत मुलींनाच बसतो, लग्न झालंय का, पुढे काय प्लॅनिंग आहे हे इंटरव्ह्यूत त्यांनाच विचारतात. मुलगेही हमखास रजेवर जाणार असतील तर असं विचारून कंपनीला काय मिळणार? स्पेनमध्ये जन्मानंतरचे पहिले 6 आठवडे आईबाप दोघांनाही घ्यावेच लागतात.

रबाळे, तुर्भ्याच्या एमआयडीसीतला छोटा वर्कशॉपवाला म्हणेल मला परवडत नाही, आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. पण 21 हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा लागू असतो, बाईच्या बाळंतपणाचे पैसे त्यातूनच मिळतात. पुरुष कामगाराच्या पगारातूनही त्यासाठी 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो, मग बापाच्या 15 दिवसांचे पैसे तिथूनच का देऊ नयेत? बिनपगारी सक्ती मात्र अजिबात नको, ती त्या घराला शिक्षाच होईल.

काही जण घरी बसून मोबाईल बघतील, बघू देत. पूर्वी सव्वा महिना बाळंतिणीजवळ आई, काकू, शेजारीण कोणीतरी असायचं, आज घोडबंदर किंवा खारघरच्या फ्लॅटमध्ये दोघंच असतात. आणि पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर बाप बारशाला जाऊन रात्रीच्या गाडीने परत, म्हणून रजा गावी जाऊनही घेता आली पाहिजे.

हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी 2017 मध्ये लोकसभेत यासाठी खासगी विधेयक मांडलं होतं, 15 दिवस आणि पुढे तीन महिन्यांपर्यंत वाढवता येईल असं. त्याचा कायदा झाला नाही. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या खासदारांनी ते पुन्हा मांडावं, आणि या वेळी सक्तीसकट मांडावं.

– एक आजी, ऐरोली, नवी मुंबई