पायवाटेवर धावताना

महोदय,

डांबरी रस्त्यावर धावणारे डोंगरातल्या पायवाटेकडे वळतात, तेव्हा पहिली चूक वेगाची होते. किलोमीटरमागे किती मिनिटं, हा हिशेब तिथे सोडून द्यावा. सुरुवातीला ४० मिनिटं ठरवून निघावं. तीव्र चढ कसलेले धावपटूही चालूनच चढतात.

खरी कसोटी उतारावर. घाबरून अंग मागे टाकलं की टाच सरकते आणि माणूस आपटतो. गुडघे किंचित वाकवून, अंग जरा पुढे ठेवून लहान पावलं टाकावीत. नजर पायाशी नको, ३-४ मीटर पुढे हवी. ओल्या मुळांवर पाय देऊच नये. प्रत्येक पाऊल असं निवडावं लागतं, म्हणूनच डोक्यातली बाकीची चक्रं थांबतात. सुट्या खडीची करकर आणि आपला श्वास, एवढंच ऐकू येतं. हे सुख सपाट रस्त्यावर क्वचितच मिळतं!

बुटात बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर उतरताना बोटं आदळून नखं काळी पडतात. नाडी सगळ्यात वरच्या भोकातून ओवून घोट्याशी आवळली की टाच जागेवर राहते. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील. उतारावर स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्याचा हा परिणाम. दुखणं ओसरेपर्यंत पुन्हा उतार नको.

– एक वाचक