‘कमी चाललेली’ म्हणून विकलेल्या मोटरहोमबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: मोटरहोम नऊ वर्षे उभी होती ही माहिती दडवून विक्री केल्याबाबत

महोदय,

या वर्षी मार्च महिन्यात आम्ही तुमच्याकडून 2008 सालची मोटरहोम, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेतली. घेताना ओडोमीटरवर 29,430 किलोमीटर होते. जाहिरातीची पहिली ओळ मोठ्या अक्षरांत ‘अत्यंत कमी चाललेली, जवळजवळ नवी’ अशी होती. तुमचे विक्री प्रतिनिधीही आम्हाला तीन भेटींत हेच सांगत राहिले. या गाडीबाबत मी तुमच्याकडे दोनदा फोनवर आणि एकदा ईमेलने तक्रार केली. ‘जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच’ आणि करारातले ‘जशी आहे तशी’ हे शब्द यापलीकडे उत्तर आले नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी एक स्पष्ट करते. जुन्या गाडीत जे जुने असणारच त्याबद्दल माझी तक्रार नाही. पडदे विटलेले होते, ते आम्ही बघून घेतले. स्वयंपाकाच्या ओट्याची कड उडालेली आहे, मागच्या शिडीला गंज आहे, ड्रायव्हरच्या सीटची शिवण उसवली आहे. हे सगळे डोळ्यांसमोर होते आणि मान्य होते. तक्रार आहे ती तुम्हाला माहीत असलेल्या आणि आम्हाला न दिसणाऱ्या गोष्टींची.

आम्ही दोघेही निवृत्त आहोत. या गाडीसाठी अनेक वर्षे पैसे साठवले. घेण्याआधी मी विचारले होते, ‘टायर किती जुने आहेत?’ तुमच्या प्रतिनिधींनी टायरच्या खाचांत बोट घालून दाखवले आणि म्हणाले, ‘पंच्याऐंशी टक्के शिल्लक आहेत, बाई. अजून कितीतरी वर्षं बघायला नको.’ मी विचारले होते वय. उत्तर मिळाले झिजेचे. त्या वेळी हा फरक माझ्या लक्षात आला नाही, तुमच्या माणसाच्या मात्र नक्कीच आला असणार, कारण हा त्यांचा रोजचा धंदा आहे.

दुसऱ्याच प्रवासात मागच्या जोडचाकांपैकी आतला टायर फुटला. फुटला म्हणण्यापेक्षा त्याची वरची साल पट्ट्यासारखी सुटली आणि चाकाच्या वरच्या पत्र्यावर आपटत राहिली. आवाज असा की गाडीखाली कुणी घण घालते आहे असे वाटावे. गाडी बाजूला घेईपर्यंत त्या पट्ट्याने पत्रा फाडला आणि सांडपाण्याच्या टाकीचा पाइप मुळापासून तोडला. यजमान गाडी चालवत होते. त्यांनी घाबरून जोरात ब्रेक दाबला नाही, स्टिअरिंग घट्ट धरून वेग हळूहळू कमी केला, म्हणून आज हे पत्र लिहिते आहे.

मदतीला आलेल्या मेकॅनिकने टॉर्च घेतला आणि मला गाडीखाली वाकून बघायला सांगितले. टायरच्या आतल्या बाजूला, धुळीत, लंबगोल चौकटीत चार आकडे होते: 2208. म्हणजे 2008 सालचा बाविसावा आठवडा. 2000 सालापासून टायरवर अशी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. हा पूर्ण क्रमांक बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो. आमच्या गाडीच्या सहाही चाकांवर तारखेची बाजू आत आहे आणि बाहेरच्या बाजूला काळेभोर पॉलिश. सहाही टायर 2008चे, स्टेपनीसुद्धा. पॉलिश पुसल्यावर बाजूच्या रबरावर बारीक भेगांचे जाळे दिसले. नख लावले तर भेगेत अडकत होते.

अनेक टायर उत्पादक सांगतात की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावेत आणि दहा वर्षे झाली की खाचा कितीही खोल दिसल्या तरी बदलावेत. आमचे सतरा वर्षांचे होते. टायर फिरत राहिला की रबरातली संरक्षक द्रव्ये पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीच्या टायरला तेवढेही मिळत नाही. त्यात पूर्ण गाडीचे वजन वर्षानुवर्षे एकाच जागी. म्हणजे तुम्ही ज्याला गुण म्हणून विकलेत, त्याच ‘कमी चालण्याने’ टायर खराब झाले होते.

आता मुख्य मुद्दा. टायरनंतर आम्ही पूर्ण गाडी एका त्रयस्थ वर्कशॉपमध्ये दिली. एअर फिल्टरचे झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला ऑइल बदलल्याचे जुने स्टिकर मिळाले. तारीख 2016ची आणि किलोमीटर 28,910. म्हणजे त्यानंतर आम्ही गाडी घेईपर्यंत, नऊ वर्षांत, ती फक्त 520 किलोमीटर चालली. आमचा समज असा होता की कुणा हौशी कुटुंबाने वर्षातून एखादी छोटी सहल करत ती जपून वापरली असेल. तुमच्या प्रतिनिधींनी तो समज होऊ दिला. प्रत्यक्षात ती नऊ वर्षे जवळजवळ जागची हललेली नव्हती. तुम्ही दिलेल्या सर्व्हिस बुकात 2016 नंतर एकही नोंद नाही. मी ते पुस्तक ताबा घेतल्यावर प्रथम पाहिले, त्याआधी ‘कागदपत्रांच्या फाइलीत आहे’ असे सांगण्यात आले होते. ते आधीच मागून वाचायला हवे होते, ही माझी चूक आहे आणि ती मी मान्य करते. पण तुमच्या हातात ते पहिल्या दिवसापासून होते.

उभ्या गाडीचे काय होते हे तुम्हाला शिकवायची गरज नसावी, तरी वर्कशॉपच्या अहवालातले लिहिते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून ते ठरावीक वर्षांनी बदलायचे असते, गाडी चालो वा न चालो. आमच्यातले काळपट झाले होते आणि पुढच्या एका चाकाचा कॅलिपर, म्हणजे ब्रेक दाबून धरणारा भाग, गंजून अडकला होता. पहिल्या प्रवासात त्या चाकाजवळ जळका वास येत होता तो यामुळे. जनरेटरच्या मीटरवर 61 तास आहेत, तेही तुम्ही कौतुकाने दाखवले होते. जनरेटर दर महिन्याला लोड देऊन, म्हणजे त्यावर उपकरणे लावून, चालवावा लागतो. नाहीतर कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि खाली चिकट राळ उरते. मेकॅनिकने ती राळ सुईने खरवडून काढली. गाडीतल्या दिव्यांच्या बॅटऱ्या एका रात्रीत उतरतात, त्यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

फ्रीजबद्दल मात्र लिहायलाच हवे. तुमच्या प्रतिनिधींनी बटण दाबून हिरवा दिवा लागलेला दाखवला आणि ‘फ्रीज चालू’ म्हणून पुढे गेले. हा घरच्यासारखा कॉम्प्रेसरचा फ्रीज नाही. गॅसच्या ज्योतीवर किंवा विजेच्या हीटरवर, अमोनियाच्या साहाय्याने चालणारा आहे आणि तो थंड व्हायलाच कित्येक तास लागतात. दिवा लागण्याने काहीही सिद्ध होत नाही. घरी आणून रात्रभर चालू ठेवला, सकाळी आत ठेवलेले पाणी खोलीइतकेच कोमट. मागची जाळी काढल्यावर नळ्यांवर पिवळी भुकटी जमलेली दिसली आणि अमोनियाचा नाक झोंबणारा वास आला. ही भुकटी म्हणजे आतले मिश्रण गळून गेल्याची खूण. त्याचे कूलिंग युनिट पूर्ण बदलावे लागेल असे वर्कशॉपने लेखी दिले आहे. तुमच्या तपासणी तक्त्यावर फ्रीजपुढे ‘ठीक’ लिहिले आहे.

त्याच तक्त्यावर छतापुढेही ‘ठीक’ आहे. पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री आम्ही गाडीतच झोपलो होतो. सकाळी उशीच्या वरच्या कोपऱ्यात भिंतीवरचा कागद फुगल्यासारखा दिसला म्हणून मी अंगठ्याने दाबून पाहिला. अंगठा आत गेला. मागचे प्लायवुड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे झाले होते आणि बोटाला काळी बुरशी लागली. ही एका पावसाची ओल नाही. वर्कशॉपने ओलावा मोजायचा मीटर लावला. 20 टक्क्यांच्या वर आकडा गेला की शंका घ्यायची असते, त्या कोपऱ्यात तो 30 च्या वर होता आणि पलंगाच्या पूर्ण लांबीपर्यंत 20 च्या खाली आला नाही. वर छतावर झरोक्याभोवतीचे सीलंट सुकून तडकलेले आहे. पण त्यावर पांढऱ्या रंगाचा ताजा हात मारलेला होता! तो रंग कुणी मारला, कधी मारला, याचे उत्तर मला लेखी हवे आहे. गाडी पाहायला आलो तेव्हा आत सुवासिक स्प्रेचा वास भरून राहिला होता. आम्हाला वाटले, स्वच्छता केली आहे.

आता ज्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे ते. झोपायच्या जागेजवळ गॅसगळतीचा अलार्म बसवलेला आहे. त्याचा हिरवा दिवा लागतो. वर्कशॉपच्या माणसाने तो काढून उलटा केला. मागे 2008 साल छापलेले होते आणि खाली, ‘पाच वर्षांत बदला’. अशा अलार्मच्या आतला सेन्सर काही वर्षांत निकामी होतो, दिवा मात्र लागत राहतो. चाचणीसाठी गॅस सोडला तेव्हा तो वाजला नाही. शेगडीकडे जाणारा रबरी पाइपही त्याच काळातला आणि वाकवला की तडे दिसणारा. आम्ही चार रात्री त्या गाडीत काढल्या, त्यातल्या दोन रात्री नात आमच्यामध्ये झोपली होती. हा अलार्म काढून मागची तारीख वाचायला एक मिनिटही लागत नाही. तुमच्या ‘संपूर्ण तपासणी’त तो एक मिनिट कुणाला मिळाला नाही.

फोनवर तुमच्या व्यवस्थापकांनी करारातल्या ‘जशी आहे तशी’ या शब्दांकडे बोट दाखवले. करारात ते शब्द आहेत, मी नाकारत नाही. पण त्याच कराराला तुमचा तपासणी तक्ता जोडलेला आहे, तुमच्या सहीशिक्क्यानिशी. त्यात टायर, ब्रेक, छत, फ्रीज आणि गॅस व्यवस्था या पाचही ठिकाणी ‘ठीक’ लिहिले आहे. गाडी तपासलीच नसेल तर हा तक्ता खोटा आहे. तपासली असेल तर तुम्ही सगळे माहीत असून गाडी दिलीत. तिसरे काही असेल तर सांगा, मी ऐकून घेईन.

माझे म्हणणे असे की गाडी परत घ्यावी आणि पूर्ण रक्कम द्यावी. आमची पहिली मागणी हीच आहे. तुम्हाला ती मान्य नसेल तर सातही टायर, ब्रेकचे काम, छत आणि भिंतीची दुरुस्ती, फ्रीजचे युनिट, गॅसचा पाइप आणि अलार्म यांचा संपूर्ण खर्च, तसेच टायर फुटल्याने झालेल्या नुकसानीची भरपाई द्यावी. दुरुस्ती आम्ही निवडलेल्या वर्कशॉपमध्ये होईल. तुमच्या तपासणीवर आता आमचा विश्वास नाही. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे जाईन आणि त्यासाठी लागणारे सगळे कागद तयार आहेत.

आणखी एक मागणी आहे, तिचा आमच्या पैशांशी संबंध नाही. तुमच्या जाहिरातीत अशीच आणखी एक गाडी आहे, तिच्याही पहिल्या ओळीत ‘अत्यंत कमी चाललेली’ लिहिले आहे. त्या गाडीच्या टायरच्या तारखा, शेवटच्या सर्व्हिसची तारीख आणि अलार्मच्या मागचे साल त्या ओळीखाली छापा. घेणाऱ्यांच्या घरातही लहान मुले असतील.

सोबत बिल, करार, तपासणी तक्ता, वर्कशॉपचा अहवाल, स्टिकरचा आणि ओलाव्याच्या मीटरचा फोटो जोडला आहे. माझे नाव आणि पत्ता बिलावर आहेच. फुटलेला टायर आणि निकामी अलार्म मी टाकून दिलेले नाहीत, गॅरेजमध्ये ठेवले आहेत. तुमच्या माणसाला पाठवा, मी स्वतः टॉर्च धरते, त्यांनी ते चार आकडे वाचून जावेत.

आपली ग्राहक