चि. अश्विनीस

तासगाव, रविवार

चि. अश्विनीस अनेक आशीर्वाद.

मागच्या आठवड्यात छाटणीआधी आपल्या सोनाका द्राक्षांना पानगळीचं औषध मारलं. आज सकाळी बागेत गेलो, तर ओळींमधून पिवळ्या पानांचा खच. एक पान अजून वेलीवर होतं. देठाला नुसतं बोट लावलं आणि ते हातात आलं. तुटल्या जागी वेलीनं आधीच तोंड बंद करून घेतलेलं, पाण्याचा थेंब नाही, आणि बगलेतला डोळा टम्म फुगलेला. वाऱ्यानं ओरबाडलेलं पान असं पडत नाही, ते साल घेऊन जातं. बेदाणा निवडताना तू सांगत होतीस, की पेशीच्या शिस्तीतल्या मरणाला १९७२ मध्ये ॲपोप्टोसिस हे नाव दिलं, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानं गळणं. तेव्हा मी नुसतं हूं हूं केलं होतं. आज ते पान हातात धरून बराच वेळ उभा राहिलो.

परवा तू आईजवळ रडलीस. लॅबमधल्या तुझ्या पेशींत मायकोप्लाझ्मा हा जंतू शिरला, सहा महिने वाढवलेल्या पेशी टाकून द्याव्या लागल्या. माझ्याशी मात्र "बरं आहे अण्णा" म्हणून फोन ठेवलास. पोरी, २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस उघडेना आणि केवडा रोगानं घड डोळ्यांदेखत गेले, तेव्हा मीही आठ दिवस कुणाशी बोललो नव्हतो. त्यामुळे तुझं "बरं आहे" मला कळतं.

पण आईला तू आणखी एक सांगितलंस, की आजीच्या वेळी काही करता आलं नाही म्हणून पेशींच्या मरणाचं हे काम धरलं आणि आता तेही होईना. त्यावर मला लिहायचं आहे.

२०२१ च्या मे महिन्यात आजीला कोरोना झाला, तेव्हा सांगलीच्या दवाखान्यात बाराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "विषाणूचा जोर ओसरलाय, पण शरीराचीच प्रतिक्रिया जास्त झालीय." विषाणू ओसरला तर माझी आई का चालली, हे मला उमजलं नाही. विचारायला कुणी थांबलं नाही आणि मलाही शब्द नव्हते. ते तू समजावलंस. विषाणूला जगायला जिवंत पेशी लागते, म्हणून लागण झालेली पेशी स्वतःच गुपचूप मरते. तिचे तुकडे भक्षक पेशी गिळतात, शेजाऱ्याला धक्का लागत नाही. काही विषाणू हे मरणच अडवून धरतात. मग पेशी दुसरी वाट धरते, फुटते. आतलं सगळं बाहेर सांडतं, धोक्याची हाक जाते, रोगप्रतिकारक पेशी धावून येतात. ही हाक लागतेच. पण ती थांबलीच नाही, तर फुप्फुसासारख्या नाजूक जागी धावून आलेल्यांकडूनच नासधूस होते. माझ्या प्रश्नाचं मला मिळालेलं पहिलं सरळ उत्तर ते होतं.

आता हिशेब तूच बघ. तेव्हा तू एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतीस. आजीला डेक्सामेथासोन, म्हणजे शरीराची ती जास्तीची प्रतिक्रिया दाबणारं औषध, चालू होतं. तूच सांगितलंस, की इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल जून २०२० मध्ये आला, त्या औषधानं व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशानं कमी झाले. म्हणजे तेव्हा जे माहीत होतं, ते तिला मिळालं. ते सगळ्यांना पुरत नव्हतं. यात तुझी कसूर कुठं आली? आजीचं देणं म्हणून हे काम करू नकोस. ती तुझ्याकडून काही येणं ठेवून गेलेली नाही.

आणि एक माझ्याकडून राहिलंय. तू या वाटेला लागलीस तेव्हा मी म्हणालो होतो, "मेलेल्या पेशी बघून कुणाचं पोट भरतं? डॉक्टर हो, नाहीतर गुरांची डॉक्टर हो." तू चिडली नाहीस. पीटर डोहर्टी मुळात गुरांचेच डॉक्टर, असं शांतपणे सांगितलंस. लागण झालेली पेशी मारेकरी पेशींना कशी ओळखू येते, हे त्यांनी आणि झिंकरनागेल यांनी शोधलं, १९९६ चं नोबेल मिळालं. मी तेव्हा विषय बदलला. ते बोलणं माझं चुकलं. चार लोकांत बोललो होतो, म्हणून मुद्दाम कागदावर लिहितोय.

छाटणीला येऊ नकोस, माणसं ठरली आहेत. छाटल्यावर डोळे फुटावेत म्हणून पेस्ट लावायला तुझा चुलतभाऊ आहे. द्रव नायट्रोजनमध्ये राखून ठेवलेल्या पेशी आहेत म्हणालीस ना, त्या आधी तपासून घे आणि मग वाढव. आईनं चिवडा आणि दोन किलो बेदाणा दिलाय, निम्मा तुझ्या लॅबमधल्या मुलांना दे.

मला एक विचारायचं आहे. केवडाही जिवंत पानावरच जगतो. रोगाला दाद न देणारं झाड डागाभोवतीच्या पेशी स्वतःच मारून त्याची वाट बंद करतं, असं तू म्हणाली होतीस. मग आमच्या सोनाकाला ते का जमत नाही? वेलीला उशिरा कळतं, की केवडाही त्या विषाणूंसारखा पेशीचं मरण अडवून धरतो? याचं उत्तर माझ्याशी बोलून दे, आईकडे निरोप ठेवू नकोस. रात्री आठनंतर मी घरीच असतो.

तुझे,
अण्णा