‘धुवा आणि टाकीत ठेवा’ म्हणून विकलेल्या लाकडाबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी
(पत्ता पाकिटावर लिहिल्याप्रमाणे)

विषय : फिश टँकसाठी घेतलेले ड्रिफ्टवूड (टाकीत सजावटीला ठेवायचे लाकूड) जोडकाम केलेले आणि पॉलिश मारलेले निघाल्याबाबत

महोदय,

तुमच्या वेबसाइटवरून मी ‘मोपानी ड्रिफ्टवूड, अखंड नैसर्गिक तुकडा, २० इंच’ असे लिहिलेले लाकूड २,४५० रुपयांना मागवले. बिलाची प्रत जोडली आहे. हाती पडलेले लाकूड अखंड नाही, सगळे मोपानी (आफ्रिकेतले जड लाकूड) नाही आणि वरून त्याला पॉलिश आहे. फोन केला तर ‘वापरलेला माल परत घेत नाही’ असे उत्तर मिळाले, म्हणून लेखी कळवत आहे.

उत्तर देताना तुमचा वेळ वाचावा म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. लाकडाने पाणी तांबूस केले, ही माझी तक्रार नाही. फोनवरचा मुलगा तीनदा म्हणाला, ‘सर, ते टॅनिन आहे, नॅचरल असतं.’ टॅनिन मला ठाऊक आहे. बाभळीच्या सालीत तेच असते, कातडी त्यानेच कमावतात, कोऱ्या चहाचा तुरटपणाही त्याचाच. टाकीतले पाणी चहासारखे दिसले म्हणून मासे मरत नाहीत. पीएच थोडा उतरतो, म्हणजे पाणी किंचित आम्ल होते, पाणी बदलत राहिले की रंग निवळतो. नव्या लाकडावर पहिले काही आठवडे पांढरी बुळबुळीत साय धरते, तिच्याबद्दलही मी काही म्हणत नाही. ती आपोआप जाते, झिंगे आणि गोगलगायी खाऊनही टाकतात. तेव्हा कृपया ही दोन उत्तरे पुन्हा पाठवू नका.

मी सुतार आहे. सांगलीत सत्तावीस वर्षे फर्निचरचे काम करतो. तुम्ही म्हणाल, मग सुताराला लाकूड विकत कशाला हवे? बरोबर आहे. कृष्णेचे पाणी ओसरले की हरिपूरला, वारणा येऊन मिळते तिथे, काठावर ओंडके पडलेले असतात. २०१९ च्या पुरानंतर तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक अख्खे खोड येऊन बसले होते, ते हलवायला सहा माणसे लागली. पण वाहून आलेले लाकूड कोणत्या झाडाचे, आतून किती कुजलेले, किती शेतांतली औषधे पिऊन आलेले, हे वरून कळत नाही. टाकी मुलीची आहे. तीन फुटी, साधारण १९० लिटरची. आत तिने हौसेने वाढवलेली झाडे आणि चौदा निऑन टेट्रा मासे. तिथे धोका नको म्हणून चार पैसे जास्त मोजून खात्रीचा माल घेतला.

पाकिटात तुमची चिठ्ठी होती : ‘उकळण्याची गरज नाही. नळाखाली धुवा आणि टाकीत ठेवा.’ मुलगी तेच करणार होती. मी तिला थांबवले, कारण चिठ्ठी कोणाचीही असो, लाकूड उकळल्याशिवाय पाण्यात घालायचे नाही एवढे तिच्याच तोंडून मी वर्षभर ऐकले होते.

आधी टबात सोडून पाहिले. मोपानी दगडासारखे जड, सोडले की तळाला जायला हवे. तुमच्या तुकड्याचे बूड तळाला टेकले आणि फांदीचे टोक हात वर केल्यासारखे पाण्याबाहेर उभे राहिले. एकाच झाडाचे एक अंग बुडते आणि दुसरे तरंगते, हे मला पटेना. मग शेजारच्या केटररकडून लग्नाचे मोठे पातेले आणले, पाणी तापवले आणि तांब्याभर आधी लाकडावर ओतले. ओतले तिथे पांढरट डाग उठला. पॉलिशच्या टेबलावर चहाचा गरम कप ठेवला की जसे पांढरे कडे उमटते, अगदी तसा. कोरड्या बाजूला स्पिरिटचा बोळा फिरवला तर कापूस तपकिरी होऊन चिकट झाला. लाखेचे पॉलिश स्पिरिटमध्ये सुटते, हे आमच्याकडे कामाला लागलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात कळते.

पाऊण तास उकळल्यावर बाकीचेही कळले. बूड आणि फांदी यांच्या मधोमध भरलेली लांबी (पुट्टी) फुगून ओल्या रव्यासारखी गळून पडली. फांदी हातात धरून पिळली तर फिरली. आत दोन इंची लोखंडी स्क्रू. फांदीचे लाकूड आतून पांढरे, हलके, आणि गाठीतून राळ मण्यासारखी बाहेर आलेली. तो वास मी झोपेतही ओळखेन, पॅकिंगच्या खोक्यांच्या पाइनचा. राळेचे लाकूड टाकीत घालू नये हे तुमच्या धंद्यात तुम्हाला मी सांगायचे? काम मात्र सफाईदार आहे. जोड कुठे आहे हे आधी मलाही दिसले नाही, आणि हे कौतुक म्हणून लिहीत नाही.

आता ‘वापरलेला माल’ याविषयी. लाकूड टाकीत गेलेलेच नाही. तांदूळ निवडताना खडे सापडले, तर ‘तुम्ही निवडायला घेतले म्हणजे वापरले’ असे आमच्या पेठेतला वाणी म्हणत नाही. शिवाय वर्णनाप्रमाणे नसलेला किंवा सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये स्पष्ट आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, हेही त्यातच आहे. मी एक महिना थांबेन. नंतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज. २०१९ च्या कायद्याप्रमाणे मला तो माझ्या राहत्या जिल्ह्यात करता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पडत नाही. मला तुमच्या गावी यावे लागणार नाही, तुम्हाला मात्र सांगलीला यावे लागेल.

माझे मागणे असे. २,४५० रुपये आणि कुरिअरचा खर्च परत करावा, माल तुमच्या खर्चाने न्यावा. पॉलिश नेमके कशाचे आणि जोडायला गोंद कोणता वापरला, ते लेखी कळवावे. हा तुकडा मी घेतला नसता तर दुसऱ्या कोणीतरी घेतला असता आणि तुमच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून थेट माशांत सोडला असता. म्हणून ती चिठ्ठी बदला. मजकूर सुचत नसेल तर हा घ्या : साबण न लावता कडक ब्रशने घासा, सुटलेली साल आणि मऊ कुजका भाग काढून टाका, तास-दोन तास उकळा, पाणी ओतून पुन्हा उकळा, नंतर दगडाखाली दाबून बादलीत ठेवा आणि रोज पाणी बदला. तरंगायचे थांबेपर्यंत आणि पाणी फिके होईपर्यंत. कधी आठवडा लागतो, कधी महिना. एवढे छापले तर कदाचित विक्री थोडी कमी होईल, पण मला तसे वाटत नाही. ज्याला झाडे वाढवायची आहेत त्याला थांबायची सवय असते.

दोन्ही तुकडे गोणपाटात बांधून पडवीत ठेवले आहेत. स्क्रू आणि स्पिरिटचा बोळा वेगळ्या पुडीत आहे, तोही सोबत न्यावा. माणूस पाठवण्याआधी फोन करा, दुपारी एक ते तीन मी घरी असतो.

आपला ग्राहक,
(नाव व ऑर्डर क्रमांक बिलावर)
विश्रामबाग, सांगली

सोबत : बिलाची प्रत, तुमची चिठ्ठी, जोडाचे आणि पांढऱ्या डागाचे चार फोटो