बर्फाचे अकरा रुपये

देवबाग

दिग्या,

चार महिने फोन नाही, पत्र तर बारावीनंतर पहिलंच. मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. फोनवर सांगितलं असतं तर तू हसला असतास आणि मी विषय बदलला असता. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू आहे.

रविवारी रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढताना बाबल्याच्या पोराला पाकट लागलं, तोच आपला चपटा मासा, शेपटीत विषारी काटा असलेला. गुडघाभर पाण्यात होता, "आये गे!" करून खालीच बसला. घोट्याच्या वर बोटभर चीर, कडा निळसर पांढऱ्या, रक्त थांबेना. मी काय ओरडलो असेन? "बर्फ आणा रे!"

आरोग्य केंद्रातल्या सिस्टर माझ्याकडे बघतच राहिल्या. "बर्फ कित्याक? पाणी तापवा!" जखम धुतली, दाबून रक्त थांबवलं आणि बादलीत पाय. पाणी कडक, पण भाजणारं नाही, 45 अंशांच्या आत. आधी चांगला पाय घालून बघायला लावला, कारण दुखऱ्या पायाला चटका कळत नाही. पाकटाचं विष म्हणजे प्रथिनं, उष्णतेने त्यांचा जोर मोडतो. पाणी निवलं की पुन्हा गरम ओतायचं, असं तासभर. ओठ चावत बसलेला पोरगा अर्ध्या तासात भजी मागायला लागला.

दिग्या, अर्ध्या तासात! आणि 1996 च्या मे महिन्यात तुला पाकट लागलं तेव्हा मी काय केलं? सायकल मारत मालवणला गेलो, गोणपाटात बर्फाची लादी आणली आणि तुझा पाय रात्रभर तिच्यावर ठेवला. वर गुडघ्याखाली सुतळी आवळली. तू गुरासारखा ओरडत होतास आणि मी म्हणत होतो, "थांब, गार पडेल." मग प्रत्येक लग्नात हीच गोष्ट, मीच हिरो, शेवटी बर्फाचे अकरा रुपये मागायचे. 2013 ला गिरगाव चौपाटीवर विसर्जनात माणसांना पाकटं लागली, तेव्हा तू फोन केलास, "बर्फ घेऊन येतोस काय?" मी त्यावरही हसलो.

एक मात्र कबूल कर. पाकट वाळूत दबून बसतं, पाय उचलून टाकू नको, घासत चल, हे मी बजावलं होतं. तू म्हणालास, "मी काय म्हातारा आहे?"

आता खरी गोष्ट. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, अँटिबायोटिक लिहून दिलं, टाके घातले नाहीत, पण एक्स-रे मात्र काढायला लावला. काट्याचे दात उलटे असतात, बाहेर येताना मोडून आत राहतात. (छातीत किंवा पोटात रुतला तर उपटायचाच नाही म्हणाले, तसाच घेऊन धावायचं. तो ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह आयर्विन 2006 साली छातीत काटा लागूनच गेला.) तेव्हापासून झोप नाही. तुझी जखम गणपतीपर्यंत चिघळत होती, आठवतं? आणि घोट्यावरची ती गाठ, पाऊस आला की ठणकते म्हणतोस, जिला मी हवामान खातं म्हणतो. आत तुकडा असेल तर? आपण कोणाला दाखवलंच नाही, तुझे बाबा ओरडतील म्हणून. ते माझंच डोकं.

चिंगीची बारावी कशी गेली? नवीन जागेत पाणी येतं का? वहिनींना नमस्कार.

या आठवड्यात एक्स-रे काढ. पैसे मी पाठवतो. बर्फाचे अकरा रुपये कापून घेणार नाही.

तुझा,
बंड्या