तक्रार: ६० ग्रॅमचे पाकीट, २० ग्रॅमचा हिशेब

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: मुलांसाठीच्या मसाला पफच्या पाकिटावर सोडियमची दिशाभूल करणारी मांडणी

महोदय,

'मुलांसाठी खास, तळलेले नाही' असे छापलेल्या आपल्या २० रुपयांच्या पाकिटाबद्दल ही तक्रार आहे. बॅच क्रमांक दिसेल असे दोन्ही बाजूंचे फोटो जोडले आहेत.

मागच्या तक्त्यात १०० ग्रॅमला १,१०० मिलिग्रॅम सोडियम दिले आहे आणि एका सर्व्हिंगला, म्हणजे २० ग्रॅमला, रोजच्या प्रमाणाच्या ११ टक्के. पाकीट मात्र ६० ग्रॅमचे आहे. ते फोडून एक तृतीयांश खाणारे आणि उरलेले झाकून ठेवणारे मूल निदान सोलापुरात तरी आढळत नाही. अख्ख्या पाकिटात ६६० मिलिग्रॅम सोडियम भरते. अडीचने गुणले की सुमारे १.६५ ग्रॅम मीठ. म्हणजे रोजच्या प्रमाणाच्या ३३ टक्के, आणि तेही मोठ्या माणसाच्या, कारण लेबलवरची टक्केवारी २,००० मिलिग्रॅम सोडियम (५ ग्रॅम मीठ) धरून काढतात. मुलांसाठी ही मर्यादा त्यांच्या ऊर्जेच्या गरजेनुसार खाली आणावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १,३६० किलोकॅलरी लागतात. २,००० किलोकॅलरीशी प्रमाण लावले तर त्याच्या वाट्याला १,३६० मिलिग्रॅम सोडियम येते. त्यातले जवळजवळ निम्मे आपल्या एका पाकिटात संपते. मग उरलेल्यात भाकरी, आमटी, शेंगाचटणी आणि लोणच्याची फोड कशी बसवायची?

'तळलेले नाही' याचा मिठाशी संबंध नाही. पफ भाजून झाल्यावर फिरत्या ड्रममध्ये तेलाचा फवारा मारून त्यावर मसाला लावतात. मीठ येते ते तिथे. पालक तेवढी एक ओळ वाचून निर्धास्त होतात.

आपल्या वितरकाचे उत्तर असे, की सोलापूरच्या उन्हात मुलांना मीठ लागतेच. पण रोजच्या खेळण्यातल्या घामापुरते मीठ घरच्या जेवणातून आणि ताकातून मिळते. उलट खारट खाल्ल्यावर तहान लागते आणि मूल शेजारच्या गोड थंड बाटलीकडे वळते. पाकिटांच्या माळा टांगलेली टपरीही शाळेच्या फाटकाला लागूनच आहे. जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकू नयेत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. वितरकाला तो माहीत नसेल, आपल्याला नक्कीच असेल.

चव बिघडेल, ही सबब चालणार नाही. वरून लावायचे मीठ बारीक दळलेले असेल तर जिभेवर लवकर विरघळते आणि कमी मिठातही तेवढेच खारट लागते. शिवाय प्रमाण टप्प्याटप्प्याने उतरवले तर काही आठवड्यांत जीभ त्याला सरावते. एकदम निम्मे केले तर मात्र पाकीट परत येईल, हे मान्य.

तेव्हा सर्व्हिंग ६० ग्रॅमची धरावी, पूर्ण पाकिटातले मीठ ग्रॅममध्ये पुढच्या बाजूला छापावे, आणि टक्केवारी प्रौढांची आहे हे तिथेच लिहावे. मीठ कमी होईपर्यंत 'मुलांसाठी खास' ही ओळ काढावी. शाळेजवळच्या माळा तर या आठवड्यातच उतरवाव्यात.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ही तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर कार्यालयात आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) नोंदवली जाईल.

आपली,
एक ग्राहक व आहारतज्ज्ञ, सोलापूर
सोबत: पाकिटाचे २ फोटो, खरेदीची पावती